धोंड्याच्या टप्प्यावर

धाकटीला जुळं झालं ते वर्ष. दोन्ही मुली, एक शांत, दुसरी जन्मतःच जगाशी भांडण उकरून काढायला आल्यासारखी, आणि धाकटीचं वय असं की खबर ऐकून डॉक्टरीणबाईंनीसुद्धा आधी तोंडात बोट घातलं होतं. त्याच वर्षी, जुळी नुकती मान धरू लागली होती तेव्हा, तिची थोरली बहीण डुलकी एका संध्याकाळी कामावरून घरी येताना बसमध्ये झोपली आणि तिचा थांबा निघून गेला.

ऐकणारा म्हणेल, त्यात काय एवढं? बसमध्ये कोण झोपत नाही? पण डुलकी झोपत नसे. नाव डुलकी असलं तरी ती एरवी घुबडासारखी जागी बाई. दातांच्या कवळ्या करायच्या कारखान्यात तिची उभी हयात गेली. मेणात दात रोवायचे, दाताचा रंग हिरडीशी जुळतो की नाही ते खिडकीपाशी नेऊन उजेडात बघायचं, असलं डोळ्यांत तेल घालून करायचं काम. बसमध्येही ती लोकांची तोंडं बघत बसे, कोण कुठल्या बाजूने चावतो, कोण हसताना ओठ मिटून घेतो. तिला झोप यायची ती एकाच कारणाने. दुःख झालं की. लोक रडतात, कोणी आदळआपट करतात, कोणाला अन्न जात नाही; हिला झोप येई. लहानपणी पाळलेलं कासव मेलं तर ही त्याच्या टोपलीशेजारी भरदिवसा झोपली. आईला स्ट्रेचरवर घालून नेलं तेव्हा इस्पितळाच्या बाकावर झोपली, ती थेट सगळं आटोपल्यावर उठली. नवरा दोन बॅगा भरून दुसऱ्या शहरात कायमचा निघाला, निरोप घ्यायला दारात उभा राहिला, आणि ही आत पलंगावर आडवी, तोंड उघडं टाकून. बिचारा दार ओढून घेऊन गेला. डुलकी हे नाव बाबांनी त्या कासवाच्या वेळी ठेवलं, आणि घरात ते इतकं मुरलं की खरं नाव पत्रिकेवर छापायची वेळ आली तेव्हा धाकटीने विचारलं होतं, "ताई, ही कोण?"

"बाई, उठा. घरदार आहे ना?" ड्रायव्हर समोर उभा होता, हातात डबा, खांद्यावर कोट. बस शेवटच्या डेपोत रिकामी उभी होती. "मी तीनदा हाक मारली. म्हटलं, गेल्या की काय."

"कुठे जाते? मला भूक लागलीय," डुलकी म्हणाली, आणि तो हसला. पण खाली पाय टेकताच तिच्या मनात आलं, मी झोपले. म्हणजे काहीतरी झालंय. काय झालंय? डेपोच्या भिंतीला टेकून, डिझेलच्या वासात, तिने आपलं आयुष्य असं चाचपलं जसं एखादा माणूस सगळे खिसे चाचपतो. काम ठीक होतं. साहेब कुरकुरत नव्हता. धाकटी, जुळी, सगळं मजेत. मग हात शेवटच्या खिशात गेला. बाबा. सकाळी ती बूट घालत होती तेव्हा बाबा बिछान्यातून म्हणाले होते, "माझी ती छाटणीची कात्री चर्चला देऊन टाक. चांगली धार आहे अजून." तिने बरं म्हटलं होतं, दार लावलं होतं, जिना उतरली होती. डॉक्टर म्हणाले होते, वय झालंय, एवढंच. कानांनी ते दोन्ही ऐकलं आणि सोडून दिलं. पण शरीराने कात्रीचा अर्थ लावला होता, तिला न विचारता, आणि संध्याकाळच्या बसमध्ये तिला झोपवून टाकलं होतं. बाबा जाणार होते. तिच्याआधी तिच्या पापण्यांना कळलं होतं.

परत येणारी बस मिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. दुसरी गोष्ट तिला परतीच्या बसमध्ये कळली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. बाबा जाणार म्हणजे ते म्हणणार, माझ्यासोबत बागेत बस. आणि ती झोपणार.

बाग म्हणजे चर्चच्या मागची. बाबा त्या बागेचे माळी, आणि घंटा वाजवणारे, आणि बाक पुसणारे. पण स्वतःला माळीच म्हणवून घेत. भिंतींनी चौफेर बांधलेली जागा, मध्ये एक जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, झाड. कोण्या जुन्या पाळकाने कुठून तरी रोपटं आणून लावलेलं. ते वाढलं, पिळवटलं, पानं एका बाजूने चंदेरी झाली, पण फळ कधी धरलं नाही. हवाच ती नव्हे. त्याच्याकडे जाणारी एक पायवाट, पायवाटेच्या सुरुवातीला फाटकापाशी एक दगडी बाक. झाड आणि बाक यांच्यात अंतर किती ठेवायचं ते पूर्वीच्या लोकांनी बायबलाचं शास्त्र वाचून ठरवलं होतं. प्रभू येशू पकडला गेला त्या रात्री गेथशेमाने बागेत मित्रांपासून धोंड्याच्या टप्प्याइतका पुढे गेला आणि एकटा गुडघ्यांवर आला, तेवढंच. म्हणे, कोण्या पहिलवान भाविकाने दगड फेकून दाखवला आणि जिथे पडला तिथे झाड लावलं. बाबा म्हणत, "बरं झालं, त्याचा हात फार जोरकस नव्हता. नाहीतर झाड रस्त्यात आलं असतं."

त्या चर्चच्या लोकांची एक रीत होती. ज्याच्यावर काही कोसळलं असेल त्याने आत झाडापाशी जायचं. आणि सोबत एकाने यायचं, बाकावर बसायचं, आत जायचं नाही, काय झालं विचारायचं नाही, प्रार्थनासुद्धा मोठ्याने म्हणायची नाही. फक्त जागं राहायचं. बस्स. ज्याचं कोणी नसेल त्याच्यासाठी बाबा बसत. हातातली कात्री खाली ठेवून, टोपी गुडघ्यावर. डुलकीला आठवत होतं, लहानपणी ती शाळेतून परस्पर तिथे जाई, तर बाबा बाकावर आणि आत झाडाखाली कोणीतरी, बेकरीवाला, नाहीतर एक वकील ज्याचा मुलगा बुडाला होता, पाठमोरा. बाबा ओठांवर बोट ठेवत. ती त्यांच्या शेजारी बसे. भिंतीवरून ऊन सरके. कुठे कात्रीचं लोखंड तापल्याचा वास, ओल्या मातीचा वास, आणि झाडाखालच्या माणसाची पाठ, जी कधी हले, कधी इतकी हलत नसे की भीती वाटावी. घरी मग कोणाला ताप आला, आणि कोणाला जागायचं असलं, तरी 'आज बागेत कोण बसतंय?' असंच विचारत. आईच्या वेळी बाबा बसले होते.

बाबांचं शास्त्राचं ज्ञान बागेपुरतं होतं. पाळकसाहेब म्हणत, तुमच्या शास्त्रात समुद्रच नाही. बाबा म्हणत, समुद्राला पाणी घालावं लागत नाही, मला त्याचं काय? त्यांच्या लेखी सगळी गोष्ट तीन बागांची होती. पहिल्या बागेत माणूस लपला आणि देव त्याला शोधत फिरला, संध्याकाळच्या वाऱ्यात, हाका मारत, एखाद्या आईसारखा. दुसरीत देवच घाबरला आणि माणसांना म्हणाला, जरा माझ्याबरोबर जागता का? तो तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा ते तिघे मित्र झोपलेले. त्या बागेच्या नावाचा अर्थच तेलाचा घाणा, बाबा सांगत. तिथे फळाचं जे होतं तेच त्याचं झालं. आणि तिसरीत, कबरेच्या बागेत, एक बाई रडत उभी होती, आणि मेलेला तो जिवंत होऊन समोर आला तर, नावाने हाक मारीपर्यंत, तिला वाटलं हा माळी. इथे आले की बाबांची छाती फुगे. "बघ, देवाला ओळखण्यात चूक झाली ती कशी झाली? राजा समजली नाही, वैद्य समजली नाही. माळी समजली. आमच्या जातीला एवढा मान कोणी दिलाय?" डुलकी लहान होती तेव्हा तिला वाटे, बाबाच ते. नुसतं वाटे असं नाही, तिची खात्री होती. एकदा तिने रविवारच्या शाळेत हात वर करून सांगितलं होतं, त्या बाईची काही चूक नव्हती, तो माळीच आहे, आमच्या घरी राहतो. घरी येईपर्यंत बातमी पुढे पोचली होती. बाबा रागावले नाहीत. नुसते कितीतरी वेळ हात धूत बसले.

बाबांनी तिला विचारलं ते बसच्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांनी. ती त्यांची कवळी घासत होती. तिनेच केलेली. समोरचा एक दात जरासा तिरका, कारण बाबांनी अट घातली होती, "सरळ केलास तर तुझी आई तिकडे मला ओळखायची नाही. माझा म्हणून तो एकच दात तिला आवडायचा." कारखान्यातला साहेब म्हणाला होता, असली वाकडी कवळी आपल्या नावाने बाहेर जाता कामा नये. ती तशीच गेली होती.

"डुलके."

"काय, बाबा?"

"आता लवकरच. तू बस."

तिने नळ बंद केला. "धाकटी बसेल. ती चांगली जागते. तिला आता सवयच आहे."

"तिला दोन आहेत बागेत बसवायला. तू बस."

"बाबा, मी झोपते. माहीत आहे ना तुम्हाला? मी नेमकी तेव्हाच झोपते."

बाबा डोळे मिटून होते. बिनदातांचं तोंड आत गेलेलं, त्यामुळे हसले की नाही ते कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मला मरायची भीती नाही गं. त्याच्या आधीचं जे आहे ना, झाडापासून बाकापर्यंतचं, त्याची वाटते. मी इतक्यांसाठी बसलो. माझ्यासाठी कोणी बसलेलं मला माहीत नाही." मग जरा दम घेऊन, "खुर्ची दारापाशी ठेव. एकदम उशाशी नको. रीत ती रीत."

धाकटीला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. "ताई, तू? अगं, तू माझ्या लग्नात झोपलीस!"

"तुझ्या लग्नात मला वाईट वाटत होतं."

"का?"

"खोली रिकामी होणार म्हणून."

पलीकडे एक मूल किंचाळलं, दुसरं त्याला ओ दिल्यासारखं. धाकटीने एकीला थोपटलं. मग म्हणाली, "मी येते दुपारची. यांना घेऊन. खाली शेजारणीकडे ठेवीन. तू पेंगलीस तर मी आहे."

"नको. मला विचारलंय."

"ताई, हट्ट नको करूस. त्यांचं हे शेवटचं मागणं, आणि तू घोरत असशील. तुला ते मागाहून सहन होईल का?"

हेच तर. त्या पुढच्या दिवसांत डुलकीचं सगळं जगणं या एका वाक्याभोवती फिरलं. रात्री बघायला एक बाई ठेवली होती, जाडजूड, गाणी गुणगुणणारी, सकाळी धाकटी फेरी मारी आणि मग जुळ्यांना घेऊन खाली शेजारणीकडे थांबे, दुपारपासून डुलकी. कारखान्यातून तिने रजा घेतली आणि लवंगेच्या तेलाची एक बाटली उचलून आणली. पापण्या जड झाल्या की बोट बुडवून जिभेला लावायचं. सगळं तोंड पेटून उठे, मग बधिर होई. उभी राहून पाहिलं. उभ्याउभ्या भिंतीला टेकून झोपली आणि कपाळ आपटलं. गार पाण्यात पाय सोडून पाहिलं. झोप पायांतून येत नव्हती. ती बाबांच्या श्वासातून येत होती. प्रत्येक श्वास थोडा लांब, थोडा वरचा, आणि प्रत्येकाबरोबर तिच्या आत कोणीतरी एक दिवा मालवत जाई. तिला त्या तीन मित्रांचा राग येई आणि कीवही येई. शास्त्रात लिहिलंय म्हणे, ते दुःखाने झोपले. लहानपणी पाळक हे वाचून दाखवत तेव्हा सगळी मुलं हसत, दुःखाने कोणी झोपतं का? डुलकी हसत नसे. तिला वाटे, लिहिणाऱ्याच्या घरी कोणीतरी आपल्यासारखं असणार. पण एवढं समजून घेऊनही जो उठवायला आला त्याच्या आवाजात जी एक निराशा होती, एक तासही जमलं नाही का, ती तिच्या कानात सारखी वाजे, आणि तो आवाज बाबांचा असे.

एका दुपारी खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगून आत येत होता आणि जात होता. बाबा जागे होते की नाही, सांगता येत नव्हतं. डुलकी दारातल्या खुर्चीत ताठ बसली होती, नखं तळहातात रुतवून. पडदा आत आला तेव्हा खोली पांढरी झाली, गेला तेव्हा हिरवी. मग हिरवीच राहिली. ती बाकावर होती. समोर पायवाट, आणि पायवाटेच्या टोकाला जैतुनाचं झाड, यंदा फळांनी लगडलेलं. पण जवळ जाऊन बघते तर फळं नव्हेत, दात, लहान मुलांचे, दुधाचे, देठाला लटकलेले आणि वाऱ्याने एकमेकांवर किणकिणणारे. झाडाखाली कोणी नव्हतं. गवत दबलेलं होतं, दोन गुडघ्यांच्या खुणा, त्यांत पाणी साचलेलं. ती घाबरली नाही. तिला फक्त वाटलं, उशीर झाला. एक माणूस पाठमोरा भिंतीच्या कडेने पाणी घालत होता. त्याच्या मानेवरची सुरकुती ओळखीची. ती म्हणाली, इथे जे होते त्यांना कुठे नेलंत? सांगा, मी जाऊन घेऊन येते. माणसाने झारी खाली ठेवली. तो वळणार एवढ्यात तिला कळलं की तो आता हाक मारणार, आणि कुठल्या नावाने मारणार तेही कळलं, घरातल्या नव्हे, त्या दुसऱ्या, जे तिने स्वतः कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने श्वास रोखला.

डोळे उघडले तेव्हा ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. म्हणजे बराच वेळ. तिच्या तोंडातून लाळ गळून ब्लाउज भिजला होता. पहिली नजर चादरीवर. चादर हलत होती. मग वर. बाबा कुशीवर वळून, उशीत गाल दाबून, तिच्याकडे बघत होते. किती वेळ कोण जाणे. एकटे कुशीवर कसे वळले तेही त्यांचं त्यांना ठाऊक.

"झाली झोप?"

डुलकीने हनुवटी पुसली. "हाक का नाही मारलीत? बाबा, एक हाक मारायची ना!"

"कशाला? छान घोरत होतीस. आईसारखं, शेवटी शिट्टी."

"मला जागायचं होतं." तिचा आवाज लहान मुलीचा झाला. "तुम्ही मला तेवढंच सांगितलं होतं."

"सांगितलं खरं." बाबांना पुढचं वाक्य कुठून तरी खालून ओढून आणायला लागत होतं. "मी जन्मभर बाकावरून बघितलं. आतून कधी बघितलं नव्हतं. आतून निराळं दिसतं गं."

"कसं दिसतं?"

"तो तीनदा परत आला ना? मी लोकांना सांगायचो, उठवायला आला, बोलायला आला. बोललाही असेल. पण मला आता वाटतं, बघायला आला. आहेत का, एवढंच." श्वास. "मघाशी भीती वाटली. फार. तुझ्याकडे बघितलं. तू तोंड उघडं टाकून, हात लोंबकळत. मनात आलं, हिला पांघरूण घालावं, दारात वारा लागतोय. पाय काही उठेनात. पण तेवढा वेळ भीती कुठे होती? नव्हती."

 डुलकीला रडू येत होतं, आणि ते येताना कसं वाटतं हे तिला माहीत नसल्यामुळे तिला आधी वाटलं आपल्याला शिंक येतेय.

"अगं, नाक पूस," बाबा म्हणाले. "आणि खुर्ची इकडे घे. उशाशी."

"रीत?"

"दगड फेकणारा आता थकलाय. घे इकडे."

तिने खुर्ची उचलली नाही, ओढतच नेली, फरशीवर करकर आवाज झाला आणि खालून धाकटीने हाक मारली, "ताई, काय पडलं?" "काही नाही," डुलकी ओरडली, "मी सरकले." बाबांचा हात तिने हातात घेतला. कात्री धरून धरून अंगठ्याच्या बुडाशी पडलेला घट्टा अजून तसाच कडक होता, बाकी सगळा हात मऊ झालेला. धाकटी वर आली तेव्हा दोघंही झोपली होती, एकाचा श्वास लांब, एकीचा शिट्टीचा. धाकटीने आधी कपाळाला हात लावला. मग ती दारातल्या रिकाम्या जागेत जमिनीवर बसली, दुधाने भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला, आणि कोणालाही न उठवता बसून राहिली.

त्यानंतरच्या दिवसांत डुलकीने लवंगेचं तेल लावलं नाही. झोप येई तेव्हा ती झोपे, जाग येई तेव्हा बाबांकडे बघे. कधी त्यांचे डोळे उघडे असत आणि तिच्यावर असत, कधी मिटलेले. बोलणं कमी कमी होत गेलं. एकदा त्यांनी विचारलं, फाटक लावलं का? तिने म्हटलं, उघडंच आहे, बाबा. त्यांना ते बरं वाटलेलं दिसलं.

बाबा गेले ते उन्हाळा संपता संपता, एका बुधवारी, दुपारचा चहा व्हायच्या आधी. धाकटी खाली मुलींना भरवत होती. डुलकी उशाशी होती. ती तेव्हा झोपली होती की जागी, हे तिला कोणी विचारलं नाही, आणि तिलाही ते नक्की सांगता आलं नसतं.